पाण्यासाठी काढलेले रोखे: अमेरिकेतल्या सिंचन आणि कृषी सुधारणा डिस्ट्रिक्टच्या कर्जाचे कायदे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनी तारण ठेवून धरणं आणि कालवे उभे केले. ते कर्ज ज्या रोख्यांतून उभं राहिलं, त्यांच्याभोवती सव्वाशेहून अधिक वर्षांत बराच कायदा साचला आहे. तिकडे राहून हे रोखे विकत घेणाऱ्या मराठी वाचकांना तो माहीत असायला हवा. इकडे सिंचनाच्या पैशाचा विचार करणाऱ्यांनाही त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. इथली उदाहरणं मुख्यतः कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनाची आहेत. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असतो, हे वाचताना लक्षात असू द्या.

सिंचन डिस्ट्रिक्ट म्हणजे नेमकं काय?

राज्याच्या कायद्याखाली, लाभक्षेत्रातल्या लोकांच्या अर्जावरून स्थापन झालेली सार्वजनिक संस्था. कलेक्टरच्या जिल्ह्याशी तिचा संबंध नाही. ती सहकारी संस्थाही नाही आणि कंपनीही नाही. तिला निवडून आलेलं संचालक मंडळ असतं, जमीन संपादन करता येते आणि जमिनीवर आकारणी बसवता येते. सरकारची काही कामं ती एका ठरावीक क्षेत्रापुरती करते. अ‍ॅरिझोनात याच जातीची आणखी एक संस्था आहे, कृषी सुधारणा डिस्ट्रिक्ट. फिनिक्स परिसराला पाणी आणि वीज पुरवणारा सॉल्ट रिव्हर प्रोजेक्ट हे तिचं सर्वांत मोठं उदाहरण.

रोखे काढण्याचा अधिकार तिला कुठून मिळतो?

राज्याच्या विधिमंडळाकडून, आणि कायद्यात लिहिला असेल तेवढाच. सुरुवात झाली कॅलिफोर्नियाच्या १८८७ च्या राइट कायद्यापासून. मोडेस्टोचे आमदार सी. सी. राइट यांनी तो आणला आणि त्याच वर्षी टर्लॉक आणि मोडेस्टो इथले डिस्ट्रिक्ट स्थापन झाले. कायद्याची पद्धत सरळ होती. पन्नास जमीनमालकांनी किंवा बहुसंख्य जमीनमालकांनी काउंटीकडे, म्हणजे राज्याखालच्या स्थानिक प्रशासनाकडे, अर्ज करायचा, मग मतदान. डिस्ट्रिक्ट स्थापन व्हायला दोन तृतीयांश मतं लागत, तर रोख्यांसाठी वेगळ्या मतदानात साधं बहुमत पुरे.

रोख्यांची रचनाही कायद्यानेच ठरवून दिली होती. व्याज ६ टक्के, सहामाही. मुद्दलाची परतफेड अकराव्या वर्षी सुरू होऊन विसाव्या वर्षी संपायची. दर्शनी किमतीच्या ९० टक्क्यांखाली रोखे विकायला बंदी होती. आधी कालवा वाहू लागेल, पीक निघेल आणि मग हप्ते सुरू होतील, हा त्यामागचा हिशोब. कागदावर तो शहाणपणाचा होता. पण बऱ्याच ठिकाणी कालवा पूर्ण व्हायच्या आत पैसे संपले, काही ठिकाणी कालवा बांधूनही पाणी आलं नाही. राइट कायद्याखाली स्थापन झालेल्या पन्नासच्या आसपास डिस्ट्रिक्टपैकी मोजकेच टिकले.

या कर्जाला तारण काय असतं?

दोन मुख्य प्रकार आहेत, आणि रोखे घेताना सर्वांत आधी विचारायचा प्रश्न हाच.

जुना प्रकार जमिनीवर उभा असतो. दरवर्षी संचालक मंडळ व्याज आणि हप्ता भागेल एवढी आकारणी लाभक्षेत्रातल्या जमिनीवर बसवतं. ती थकली की जमिनीवर बोजा चढतो आणि ठरावीक मुदतीनंतर जमीन विकली जाऊ शकते. आपल्याकडे सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढतो, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे कर्ज शेतकऱ्याने एकट्याने काढलेलं नसतं, डिस्ट्रिक्टने सगळ्यांच्या वतीने काढलेलं असतं. त्यामुळे ज्याने रोख्यांच्या विरोधात मत दिलं, त्याच्या जमिनीवरही बोजा येतो.

या प्रकारात एक गंभीर धोका दडलेला आहे. शेजाऱ्याने आकारणी भरली नाही, त्याची जमीन घ्यायला कोणी पुढे आलं नाही, तर ती तूट पुढच्या वर्षी उरलेल्यांच्या आकारणीत मिसळली जाऊ शकते. मग जो प्रामाणिकपणे भरतो त्याचाच बोजा वाढत जातो. अखेर तोही मोडतो आणि तूट आणखी मोठी होते. १९२० आणि १९३० च्या दशकांत पिकांचे भाव कोसळल्यावर अनेक डिस्ट्रिक्टमध्ये नेमकं हेच घडलं. म्हणून काही राज्यांच्या कायद्यांत प्रत्येक जमिनीची जबाबदारी तिच्या वाट्यापुरती मर्यादित ठेवली जाते. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर ही मर्यादा न्याय्य आहे. पण तिच्यामुळे रोखेधारकाचं संरक्षण घटतं, हेही तितकंच खरं.

नवा प्रकार उत्पन्नावर उभा असतो. टर्लॉक, मोडेस्टो, इम्पीरियल आणि सॉल्ट रिव्हर हे सगळे वीजही विकतात. त्यांचे बहुतेक मोठे रोखे वीज किंवा पाण्याच्या निव्वळ उत्पन्नातून फेडायचे असतात आणि जमीन त्यात गुंतत नाही. त्याऐवजी डिस्ट्रिक्ट करारात वचन देतो की दर असे ठेवू की वर्षाच्या हप्त्याच्या अमुक पट, उदाहरणार्थ १.२५ पट, निव्वळ उत्पन्न हाती राहील. हे वचन मोडणं म्हणजे करारभंग.

शेतकऱ्याची तयारी नसताना त्याच्या जमिनीवर बोजा टाकणं घटनेत बसतं का?

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १८९६ मध्येच निकाली निघाला. सॅन डिएगो काउंटीतल्या फॉलब्रुक डिस्ट्रिक्टमध्ये मारिया किंग ब्रॅडली यांची जमीन होती. त्यांनी आकारणीला आव्हान दिलं. एका शेतकऱ्याच्या शेतात पाणी सोडणं हा सार्वजनिक उपयोग कसा, असा त्यांचा एक मुद्दा होता. आपलं म्हणणं न ऐकता मालमत्ता घेतली जाते, हा दुसरा. खालच्या संघराज्य न्यायालयात त्या जिंकल्या. सर्वोच्च न्यायालयात माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन हेही वकिलांत होते.

न्यायमूर्ती पेकहॅम यांनी बहुमताचा निकाल ब्रॅडली यांच्या विरोधात दिला. पाण्यावाचून पडीक राहणारा विस्तीर्ण प्रदेश लागवडीखाली येणं हे सार्वजनिक हिताचं आहे, मग प्रत्येक रहिवाशाला ते पाणी थेट मिळो वा न मिळो. आणि आपली जमीन डिस्ट्रिक्टमध्ये घेऊ नका, तिला फायदा होणार नाही, हे मांडायची संधी कायद्याने दिली असेल तर न्याय्य प्रक्रियेची अट पूर्ण होते. आज निघणाऱ्या प्रत्येक सिंचन रोख्याच्या मुळाशी हा निकाल आहे. त्यातला दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण हद्द ठरवताना होणारी सुनावणी ही शेतकऱ्याची खरी संधी असते. ती गेल्यावर नंतरच्या तक्रारींना फारसं बळ उरत नाही.

मतदान कोण करतं? एक माणूस एक मत, की एक एकर एक मत?

दोन्ही पद्धती आहेत, आणि या विषयात सर्वांत जास्त वाद इथेच आहे.

राइट कायद्यात जमीन नसलेल्या मतदारालाही मत होतं. गावातला दुकानदार, शेतमजूर, सगळे मत देत आणि बोजा मात्र जमिनीवर येई. मोठ्या जमीनमालकांचा या कायद्याला विरोध होता, त्याचं हे एक मोठं कारण. उलट टोकाला कॅलिफोर्नियातले काही पाणी साठवण डिस्ट्रिक्ट आहेत. तिथे फक्त जमीनमालक मत देतात आणि तेही जमिनीच्या आकारणी मूल्याच्या प्रमाणात.

टुलेअरी लेक खोऱ्यातल्या अशा एका डिस्ट्रिक्टचा खटला १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे रहिवासी होते ७७. जे. जी. बॉसवेल या एकट्या कंपनीकडे ३७,८२५ मतं होती, संचालक मंडळाचं बहुमत निवडायला पुरेशी. तरीही न्यायालयाने ही पद्धत मान्य केली. कारण असं दिलं की या संस्थेचं काम मर्यादित आहे आणि तिचा खर्च पूर्णपणे जमिनीवर पडतो. न्यायमूर्ती डग्लस यांनी विरोधी मत लिहिलं आणि १९६९ च्या पुराकडे बोट दाखवलं. पाणी कुठे वळवायचं हे जमिनीच्या मतांनी ठरतं आणि पुरात घर बुडतं त्याला मतच नसतं, हा त्यांचा आक्षेप होता.

१९८१ मध्ये तोच प्रश्न सॉल्ट रिव्हर प्रोजेक्टबाबत आला आणि तो जास्त अवघड होता. डिस्ट्रिक्टच्या हद्दीत अ‍ॅरिझोनाची जवळपास निम्मी लोकसंख्या राहत होती, उत्पन्न बहुतांश विजेचं होतं आणि रोख्यांचे पैसे वीजग्राहक फेडत होते. मत मात्र एकरानुसार. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा फरकाने एकरी मतदान कायम ठेवलं.

माझ्या मते १९७३ चा निकाल तर्काने तरी टिकतो, कारण तिथे पैसे जमीनच भरत होती. १९८१ च्या निकालाला तो आधार नाही. कर्ज फेडणाऱ्या वीजग्राहकाला कर्जावर मत नसणं हे सिंचन रोख्यांच्या मूळ कल्पनेच्याच विरुद्ध जातं. पण कायदा आज तोच आहे.

कॅलिफोर्नियात आता आकारणी वाढवायला पुन्हा मत लागतं का?

हो, बहुतेक वेळा. १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने, म्हणजे मतदारांनी थेट मतदानाने केलेल्या घटनादुरुस्तीने, मालमत्तेच्या किमतीवरचे कर बांधून टाकले. १९८६ च्या दुरुस्तीनंतर स्थावर कामांसाठी काढलेल्या कर्जापुरती त्यात सवलत आहे, पण दोन तृतीयांश मतांच्या अटीवर. १९९६ च्या प्रपोझिशन २१८ खाली नवी आकारणी बसवण्याआधी जमीनमालकांना मतपत्रिका जातात आणि ज्याच्यावर जेवढा भार, तेवढं त्याच्या मताचं वजन. विरोधाचं वजन जास्त भरलं की आकारणी रद्द.

कर्जाला कमाल मर्यादा असते का?

अ‍ॅरिझोनात शहरांना आणि काउंटींना घटनेतली कर्जमर्यादा लागू आहे. सिंचन, वीज, कृषी सुधारणा, जलनिस्सारण आणि पूरनियंत्रण डिस्ट्रिक्टना मात्र घटनेच्या तेराव्या अनुच्छेदातल्या सातव्या कलमाने त्यातून स्पष्टपणे वगळलं आहे. तेच कलम त्यांना राज्याचे राजकीय उपविभाग ठरवून नगरपालिकांच्या सवलती देतं. म्हणजे नगरपालिकेचे हक्क मिळतात, पण तिच्या कर्जाची मर्यादा लागू होत नाही. विधिमंडळाने साध्या कायद्यात घातलेल्या अटी अर्थातच पाळाव्या लागतात.

कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली. राइट कायद्याच्या काळात हात पोळल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राज्याने रोखे तपासून प्रमाणित करण्याची व्यवस्था आणली. राज्याचे अभियंते, बँकिंग अधिकारी आणि अ‍ॅटर्नी जनरल मिळून योजना पारखत. एकूण कर्ज जमिनी आणि कालव्यांच्या बाजारभावाच्या ६० टक्क्यांत बसलं पाहिजे, अशी अट असे. प्रमाणित रोख्यांत बचत बँकांना पैसे गुंतवता येत.

रोखे विकून झाल्यावर कोणी कोर्टात जाऊन ते बेकायदेशीर ठरवू शकतं का?

ही भीती खरी आहे, म्हणून कायद्याने त्यावर तोडगा काढला. १८८९ मध्येच कॅलिफोर्नियाने डिस्ट्रिक्टला स्वतःहून कोर्टात जाऊन आपली सगळी कार्यवाही, म्हणजे अर्ज, नोटीस, मतदान आणि ठराव, तपासून घ्यायची मुभा दिली. आज तीच पद्धत तिथल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६० पासून पुढे आहे. डिस्ट्रिक्ट ६० दिवसांत दावा लावतो, समन्स वर्तमानपत्रात छापलं जातं आणि ज्याला आक्षेप असेल त्याने हजर व्हायचं. डिस्ट्रिक्टने दावा लावला नाही तर त्याच ६० दिवसांत कोणीही हितसंबंधी माणूस लावू शकतो. निकाल लागला आणि अपिलाची ३० दिवसांची मुदत उलटली की तो सगळ्या जगावर बंधनकारक होतो. कोर्टात न आलेल्यांचाही त्यातून अपवाद नाही.

शेतकऱ्यांसाठी इथे एक कळकळीची सूचना. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती बारीक टायपातली नोटीस वाचत जा. हरकत कितीही योग्य असली तरी मुदतीनंतर कोर्ट ती ऐकत नाही.

बॉण्ड काउन्सेलचं मत म्हणजे काय?

रोखे कायदेशीररीत्या काढले आहेत, डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहेत आणि व्याज करमुक्त आहे, असं लेखी मत. ते देणारा तज्ज्ञ वकील म्हणजे बॉण्ड काउन्सेल. त्याच्या मताशिवाय बाजारात रोखे विकले जात नाहीत. पण तो पैसे परत मिळतील असं म्हणत नसतो. ही गल्लत बरेच जण करतात.

व्याज खरंच करमुक्त असतं का? भारतात परतल्यावर काय?

संघराज्याच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १०३ खाली साधारणपणे हो, आणि त्याच राज्यात राहणाऱ्याला बहुधा राज्याच्या करातूनही सूट मिळते. अट अशी की रोख्यांच्या पैशातून झालेल्या कामाचा लाभ खासगी धंद्याकडे जाता कामा नये. साधारण नियम १० टक्क्यांचा आहे. खासगी वापर आणि खासगी परतफेड दोन्ही त्यावर गेली की सूट धोक्यात येते. वीज विकणाऱ्या डिस्ट्रिक्टना हे जपावं लागतं.

ही सूट किती महत्त्वाची आहे ते सॉल्ट रिव्हरच्या इतिहासात दिसतं. १९०३ मध्ये तिथे जमीनमालकांची संघटना होती आणि त्यांनी दोन लाखांहून जास्त एकर जमीन तारण ठेवून रूझवेल्ट धरणाचं कर्ज पत्करलं. १९३७ मध्ये सार्वजनिक डिस्ट्रिक्ट स्थापन झाला, तो मुख्यतः करमुक्त, स्वस्त व्याजाने जुनं कर्ज फिरवता यावं म्हणून.

भारतात कायमचे परतून सर्वसाधारण रहिवासी झालात की जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र होतं. अमेरिकेतली सूट इथे चालत नाही.

या रोख्यांची एसईसीकडे (अमेरिकेच्या रोखेबाजार नियामकाकडे) नोंदणी नसते. मग फसवणूक झाली तर?

१९३३ च्या रोखे कायद्यातून सार्वजनिक संस्थांचे रोखे नोंदणीपुरते वगळले आहेत, फसवणुकीची कलमं मात्र पूर्ण लागू होतात. शिवाय एसईसीच्या नियम १५सी२-१२ मुळे बहुतेक डिस्ट्रिक्टना दरवर्षी आर्थिक माहिती जाहीर करण्याचं वचन द्यावं लागतं. ती ‘एमा’ या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येते.

कॅलिफोर्नियातला वेस्टलँड्स वॉटर डिस्ट्रिक्ट हे ताजं उदाहरण. हा काटेकोरपणे सिंचन डिस्ट्रिक्ट नव्हे, पण त्याच कुळातला आहे. २०१० मध्ये दुष्काळाने उत्पन्न घटलं. १.२५ पटीचं वचन पाळायला दर वाढवावे लागले असते. त्याऐवजी राखीव निधीतली रक्कम हिशोबात उत्पन्न म्हणून दाखवली गेली. एसईसीच्या म्हणण्यानुसार खरं प्रमाण ०.११ होतं. २०१२ मध्ये ७.७ कोटी डॉलरचे रोखे विकताना गुंतवणूकदारांना हे सांगितलं नाही. संचालकांसमोर या हिशोबाची तुलना खोट्या हिशोबांसाठी बदनाम झालेल्या एन्रॉन कंपनीशी केली गेली होती, असंही आदेशात आहे. २०१६ मध्ये डिस्ट्रिक्टने आरोप मान्य वा अमान्य न करता १,२५,००० डॉलर दंड भरला आणि दोन अधिकाऱ्यांनाही दंड झाला. दर वाढवणं शेतकऱ्यांना जड गेलं असतं, हे समजण्यासारखं आहे. पण तो निर्णय उघडपणे त्यांच्यासमोर यायला हवा होता.

डिस्ट्रिक्टला पैसे फेडता आले नाहीत तर?

आधी कोर्टातून आकारणी बसवायला भाग पाडलं जातं. पण सगळीच जमीन थकली असेल तर कोर्टाच्या हुकमाने पीक उगवत नाही. मंदीच्या काळात हीच अवस्था आली. राज्यांना घटनेने करार मोडणारे कायदे करायला मनाई आहे, म्हणून संघराज्याने १९३४ मध्ये नगर दिवाळखोरी कायदा केला. टेक्सासमधल्या कॅमेरॉन काउंटीच्या पाणी सुधारणा डिस्ट्रिक्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी तो रद्द केला. राज्याच्या सार्वभौमत्वात हा हस्तक्षेप आहे, असं कारण दिलं. १९३७ मध्ये राज्याची संमती राखून कायदा पुन्हा आला. १९३८ मध्ये टुलेअरी काउंटीतल्या लिंडसे-स्ट्रॅथमोर सिंचन डिस्ट्रिक्टच्या खटल्यात तो वैध ठरला. म्हणजे आजच्या ‘चॅप्टर ९’ दिवाळखोरीचा पाया सिंचन डिस्ट्रिक्टच्या थकबाकीतून घातला गेला आहे.

रोखेधारकांच्या हाती काय आलं? लिंडसे-स्ट्रॅथमोरच्या योजनेत मुद्दलाच्या प्रत्येक डॉलरमागे ५९.९७८ सेंट आणि मर्सेड डिस्ट्रिक्टच्या योजनेत ५१.५०१ सेंट. कमी वाटतं, पण जमिनी डिस्ट्रिक्टच्याच गळ्यात पडून ओस राहिल्या असत्या तर तेवढंही मिळालं नसतं. आज चॅप्टर ९ मध्ये जायला राज्याच्या कायद्याची स्पष्ट परवानगी लागते. ठरावीक उत्पन्न गहाण असलेल्या रोख्यांना त्यात वेगळं संरक्षण आहे.

मुदतीआधी रोखे परत घेता येतात का?

रोख्यातच तशी अट असेल तर. नसेल तर राज्याला नंतर कायदा करून ती घुसवणं करारसंरक्षणाच्या घटनात्मक कलमामुळे फार कठीण जातं.

भारतीय घटनेत असं कलम नाही, आणि त्याची किंमत आपल्याकडच्या गुंतवणूकदारांनी अनुभवली आहे. सरदार सरोवर नर्मदा निगमने १९९३ मध्ये ३,६०० रुपयांचे रोखे काढले. वीस वर्षांनी १,११,००० रुपये मिळायचे होते. मधल्या टप्प्यांवर बाहेर पडायचा पर्याय गुंतवणूकदाराला होता, निगमला नव्हता. २००८ मध्ये गुजरात विधानसभेने कायदा करून निगमला तो अधिकार दिला आणि जानेवारी २००९ मध्ये ५०,००० रुपये देऊन रोखे परत घेतले गेले.

महाराष्ट्रात असे रोखे निघतात का?

या स्वरूपात नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने महाराष्ट्राला दिलेलं ५६० टीएमसी पाणी ३१ मे २००० पूर्वी अडवण्याची घाई होती, म्हणून १९९६ मध्ये कायद्याने महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. त्याने खुल्या बाजारातून रोख्यांनी पैसा उभारला. पण तारण होतं राज्य सरकारच्या हमीचं. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याने त्यावर मत दिलं नाही, त्याच्या सातबाऱ्यावर बोजा आला नाही आणि परतफेडीचा भार अखेर राज्याच्या अर्थसंकल्पावर गेला. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना वितरण आणि पाणीपट्टी वसुलीचं काम मिळालं, आकारणी बसवून कर्ज काढायचं नाही.

शेतकऱ्याची जमीन वाचली हे चांगलंच झालं. पण मत नसल्यामुळे कोणता कालवा आधी पूर्ण करायचा, खर्च का वाढला, हे विचारायची कायदेशीर जागाही त्याला मिळाली नाही. बोजा न टाकता ती जागा देणारा कायदा आपल्याकडे व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

रोखे घेण्याआधी कागदपत्रांत काय पाहावं?

तारण जमीन आहे की उत्पन्न, तूट इतरांवर ढकलता येते का, वैधतेचा कोर्टाचा निकाल झाला आहे का, आणि गेल्या पाच-सहा वर्षांत दुष्काळी वर्षी दराचं वचन कसं पाळलं गेलं. त्यानंतर पाण्याच्या हक्काचं प्रकरण वाचा. डिस्ट्रिक्टचा नदीवरचा हक्क किती जुना आहे यावर टंचाईत त्याला पाणी मिळणार की नाही ते ठरतं. कॅलिफोर्नियात आता २०१४ चा भूजल कायदाही आहे. सर्वाधिक उपसा झालेल्या खोऱ्यांना २०४० पर्यंत उपसा आणि पुनर्भरण यांचा मेळ घालायचा आहे. त्यासाठी काही जमीन पडीक ठेवावी लागेल. ती जमीन आकारणीच्या यादीत किती वाट्याची आहे, हे माहितीपत्रकात स्पष्ट दिलेलं नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारा.